जिथे रक्त पोचेल, तिथेच हाड भरेल

नडगीवरून एकदा बोट फिरवून पाहा. गुडघ्याखाली पुढच्या बाजूला हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांसाचा थरच नाही. मोटारसायकल घसरली, ट्रॉलीखाली पाय आला, मळणीयंत्राच्या पट्ट्यात पाय ओढला गेला की हेच हाड कातडी फाडून बाहेर येतं, मातीला लागतं, त्याचे तुकडे जागीच पडतात. मग सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त काळ ते जुळता जुळत नाही. कमावता माणूस खाटेवर, शेत बटईने दिलेलं आणि घरात रोज एकच प्रश्न: आता पुढे काय?

अशा घरांत आजकाल मोबाइलवरून एक बातमी पोचते. हाडातली पोकळी भरून काढणारे, वर खास लेप दिलेले सांगाडे निघालेत. ते बसवले की नवं हाड उगवतं. डॉक्टर त्यांना ‘स्कॅफोल्ड’ म्हणतात. बातमी खोटी नाही. पण अर्ध्या माहितीवर माणसं कर्ज काढतात, अर्धा एकर विकायला निघतात, आणि ज्या गोष्टीला एक पैसा लागत नाही ती करायची राहून जाते. म्हणून बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकांसाठी हे लिहितो आहे. ह्या नव्या सांगाड्यांत खरं काय आहे ते समजून घ्या, आणि त्यांच्याही आधी आपल्या हातात काय आहे ते पाहा.

आपल्याकडे ह्या विषयाची गरज कमी नाही. राष्ट्रीय महामार्ग 53 मलकापूर, नांदुरा, खामगाव असा जिल्ह्यातून जातो. समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजाच्या शिवारातून गेला. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बस पेटली आणि 25 जण गेले. त्याच महिन्यात 29 तारखेला मलकापुरात दोन बस समोरासमोर धडकल्या. गेलेल्यांचा आकडा पेपरात येतो. मांड्या आणि नडग्या मोडून घरी पडून राहिलेल्यांचा आकडा कुठेच येत नाही, आणि त्यात गावातल्या गावात दुचाकीवरून पडलेले, सोंगणीच्या दिवसांत यंत्रात सापडलेले, विहिरीच्या काठावरून घसरलेले तर मोजलेच जात नाहीत.

हाड जुळतं कसं, हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कातडी कापली की वण राहतो. हाडाचं तसं नाही. ते नीट भरलं तर मोडल्या जागी पुन्हा खरं हाडच तयार होतं, वण राहत नाही. मोडल्याबरोबर तिथे रक्त साकळतं, आणि दुरुस्तीची सुरुवात त्या साकळलेल्या रक्तातच होते. काही दिवसांत त्यात बारीक नव्या रक्तवाहिन्या शिरतात. दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांमध्ये मऊ कूर्चेचा जोड धरतो, पुढच्या आठवड्यांत त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरून तो टणक होतो. मग ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जास्तीचं हाड खातात, ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी हवं तिथे नवं हाड बांधतात, आणि महिने-वर्षं लागून हाड पुन्हा मूळच्या आकाराला येतं. ह्या प्रत्येक टप्प्याला रक्त लागतं. रक्ताबरोबर पेशी येतात, प्राणवायू येतो, जंतूंशी लढणारी फौज येते. नडगीचं हाड उशिरा जुळतं त्याचं मोठं कारण हेच: भोवती मांस कमी, म्हणून रक्त कमी, आणि उघडी जखम झाली तर तेवढंही तुटतं.

आता मध्ये मोठी पोकळी राहिली असेल तर? हाडाचा तुकडा रस्त्यावरच पडला, किंवा जंतुसंसर्ग झाल्यामुळे डॉक्टरांना सडलेला भाग कापून काढावा लागला. मोठ्या माणसाच्या नडगीत दोन-तीन सेंटिमीटरची पोकळी आपोआप भरून येईल अशी आशा धरता येत नाही. अशा वेळी डॉक्टर आजही सगळ्यात आधी रोग्याच्या स्वतःच्या कमरेच्या हाडाकडे वळतात. कमरेवर हात ठेवतो तिथल्या कडेचं हाड थोडं खरवडून पोकळीत भरतात. त्यात जिवंत पेशी असतात, खनिजाची जाळी असते, आणि नवं हाड बांधा असा संदेश देणारी प्रथिनंही असतात. तिन्ही गोष्टी एकत्र देणारं दुसरं काही अजून कुणी कारखान्यात बनवलेलं नाही. अडचण एवढीच की कमरेतून मिळणारं हाड मोजकं असतं, दुसरी जखम होते आणि ती जागा बरेच दिवस दुखते.

पोकळी फार मोठी असेल तर आणखी वाटा आहेत. सायबेरियातल्या कुर्गान शहरात इलिझारॉव्ह नावाच्या डॉक्टरांनी 1950 च्या दशकात पायाभोवती लोखंडी कड्या बसवून हाड रोज साधारण एक मिलिमीटर सरकवायची पद्धत काढली. सरकत्या हाडामागे नवं हाड तयार होत जातं. पाच सेंटिमीटर भरायचं तर नुसतं सरकवायलाच पन्नास दिवस, आणि ते पक्कं व्हायला त्याच्या कितीतरी पट. मॅस्केले नावाच्या फ्रेंच शल्यविशारदांची पद्धत वेगळी. आधी पोकळीत सिमेंटचा ठोकळा ठेवायचा, सहा ते आठ आठवड्यांत शरीर त्याभोवती रक्तवाहिन्यांनी भरलेला पडदा विणतं, मग तो ठोकळा काढून पडद्याच्या आत हाडाचा चुरा भरायचा. ह्या वाटा जुन्या आहेत म्हणून कमी प्रतीच्या समजू नका. कुणी डॉक्टर ह्यांपैकी काही सुचवत असेल तर ‘नवीन काही नाही का?’ म्हणून लगेच दवाखाना बदलू नका.

आता स्कॅफोल्ड. परसात दोडक्याला मांडव घालतो ना, तेच त्याचं काम. मांडवाने वेल तयार होत नाही. वेल वाढते मुळातून आणि पाण्यातून, मांडव तिला चढायला जागा देतो. स्कॅफोल्ड म्हणजे हाडाच्या पोकळीत बसवायची सच्छिद्र रचना. तिच्यातली छिद्रं साधारण 100 ते 500 मायक्रॉन रुंदीची ठेवतात, म्हणजे मिलिमीटरचा दहावा ते निम्मा हिस्सा. त्यातून पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या आत शिरू शकल्या पाहिजेत. ही रचना कशाची करायची ह्यावर जगभरात काम चाललं आहे. टायटॅनियम मजबूत, पण ते विरघळत नाही, कायम आतच राहतं. कॅल्शियम फॉस्फेटची सिरॅमिक हाडाच्या खनिजाशी जवळची, पण ठिसूळ. माणसाचं वजन आलं की तडकते. विरघळणारं प्लास्टिक हवा तो आकार घेतं, पण हाडाच्या पेशींना त्याचा पृष्ठभाग परका वाटतो, त्या तिथे नीट चिकटत नाहीत.

लेपाची गरज इथे येते. आतली रचना ताकद देते, वरचा पातळ थर हाडाला ओळखीचा वाटतो. सगळ्यात जुना आणि परीक्षेत उतरलेला लेप हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा. आपल्या हाडातलं खनिज मुख्यतः ह्याच जातीचं, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. ब्रिटनमध्ये रोनाल्ड फर्लाँग ह्या शल्यविशारदांनी 1985 मध्ये ह्या लेपाचा खुब्याचा सांधा रोग्यात बसवला. आज असे लेपाचे सांधे जगभर, भारतातही, बसवले जातात आणि सिमेंटशिवाय हाडात रुजतात. म्हणजे लेप ही काही कालची गोष्ट नाही. कालची गोष्ट आहे ती मोठ्या पोकळीत लेप दिलेली सच्छिद्र रचना ठेवून तिच्या आतपर्यंत नवं हाड आणणं.

दुसरा लेप काचेचा. अमेरिकेतले लॅरी हेंच काच आणि सिरॅमिकवर काम करत. 1967 मध्ये एका परिषदेला बसने जाताना त्यांच्या शेजारी व्हिएतनामच्या युद्धातून नुकताच परतलेला एक लष्करी अधिकारी बसला होता. हात-पाय गमावलेली तरुण मुलं त्याने पाहिली होती. शरीर ज्याला परकं मानणार नाही असं काही तुम्ही बनवू शकाल का, असं त्याने हेंच यांना विचारलं. दोनच वर्षांत, 1969 मध्ये, हेंच यांनी अशी काच तयार केली की ती हाडाला घट्ट चिकटते. शरीरातल्या द्रवात ती हळूहळू विरघळते, तिच्यातून कॅल्शियम आणि सिलिका बाहेर पडतं, आणि वर हाडाच्या खनिजासारखा थर बसतो. एका अधिकाऱ्याने मनापासून विचारलेल्या प्रश्नातून हे शास्त्र पुढे गेलं. म्हणून मी म्हणतो, डॉक्टरांना प्रश्न विचारायला संकोच करू नका.

तिसऱ्या जातीच्या लेपात औषध असतं. जेंटामायसिन नावाच्या प्रतिजैविकाचा लेप दिलेली नडगीची सळई उघड्या जखमेच्या हाडमोडीत वापरली जाते. पोटात घेतलेलं किंवा सलाइनमधून दिलेलं औषध जिथे कमी पोचतं, तिथे ते जागेवरच सुटतं. चौथ्या जातीच्या लेपात संदेश असतो. 1965 मध्ये मार्शल युरिस्ट यांनी दाखवलं की खनिज काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं तरी तिथे नवं हाड तयार होतं. म्हणजे हाडातच एखादं प्रथिन आहे जे पेशींना हाड बांधायला सांगतं. पुढे ती प्रथिनं सापडली, कृत्रिमरीत्या तयार झाली, आणि कोलेजनच्या स्पंजात भिजवून मणक्याच्या शस्त्रक्रियेत वापरायला अमेरिकेत 2002 मध्ये परवानगी मिळाली. पण सहाच वर्षांनी, 2008 मध्ये, त्याच देशाच्या औषध नियंत्रकांना इशारा द्यावा लागला: मानेच्या मणक्यात हे वापरल्यावर काही रोग्यांचा गळा सुजून श्वास अडला. हाड वाढवणारी वस्तू कुठे, किती आणि कुणात वापरायची ह्याला मर्यादा आहेत, हे त्या इशाऱ्याने जगाला शिकवलं. नवं आहे म्हणून ते आपल्याला लागू आहेच, असं धरून चालू नका.

महाराष्ट्रातही हे काम होतंय, आणि ते अभिमानाने सांगण्यासारखं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेशमाच्या कोषातल्या फायब्रोइन ह्या प्रथिनापासून हाडाची पोकळी भरणाऱ्या सच्छिद्र रचनांवर काम केलं. त्यातून सेरीजेन ही कंपनी उभी राहिली. रेशीम शरीराला सोसतं. टाके घालायला रेशमाचा धागा शल्यविशारद फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. शिवाय रेशीम सावकाश विरघळतं, आणि हाडाला वेळ लागतोच. देऊळगावराजाच्या पलीकडे जालन्यात 2018 पासून रेशीम कोषांची बाजारपेठ आहे. तुती लावणाऱ्या शेतकऱ्यांना हे सांगावंसं वाटतं की कोषाचा धागा पैठणीत जातो तसा उद्या एखाद्याच्या हाडाच्या पोकळीतही जाऊ शकतो.

एवढं सगळं आहे तर मग हे सरसकट का वापरत नाहीत? कारण रक्त. जिवंत पेशीला सगळ्यात जवळची केशवाहिनी साधारण 100 ते 200 मायक्रॉनच्या आत लागते. त्याहून दूर पडलेली पेशी उपाशी मरते. सशाच्या हाडातली चिमूटभर पोकळी भरली, तर तिथे मधोमधही रक्तवाहिनी लवकर पोचते. माणसाच्या मांडीतल्या सहा सेंटिमीटरच्या पोकळीत लेप दिलेली रचना ठेवली, तर कडांना हाड धरतं आणि मधला भाग कोरडा राहू शकतो. प्रयोगशाळेतली यशाची बातमी आणि आपल्या घरातल्या रोग्याचा पाय यांच्यात हे एवढं अंतर आहे. लेप कितीही उत्तम असो, तो रक्त आणून देत नाही. शिवाय आत जंतू जिवंत असतील तर कोणतीही बाहेरची वस्तू त्यांना लपायला जागा देते. म्हणून जखम पूर्ण स्वच्छ झाल्याशिवाय पोकळी भरायची घाई चांगला डॉक्टर करत नाही. त्यांनी ‘आणखी एकदा साफ करू, मग पाहू’ म्हटलं तर ते बिल वाढवायला म्हणतात असं लगेच धरू नका.

लहान पोकळीत मात्र कारखान्यात बनलेल्या ह्या भरणांचा चांगला उपयोग होतो. हाडातली गाठ काढल्यावर राहिलेली जागा, गुडघ्याच्या सांध्याजवळचं दबलेलं हाड, दातांखालचं झिजलेलं हाड. चारही बाजूंनी जिवंत, रक्ताळलेलं हाड असतं, त्यामुळे तिथे रचना भरून येते. तुमच्या रोग्याला असं काही बसवायचं ठरलं असेल तर पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. पोकळी किती सेंटिमीटरची आहे? स्वतःच्या कमरेचं हाड का पुरणार नाही? हे विरघळणारं आहे की कायम आत राहणार? ह्यात औषध किंवा प्रथिन आहे का? न बसवलं तर काय होईल? मग बसवलेल्या वस्तूचं स्टिकर मागून घ्या. प्रत्येक इम्प्लांटच्या वेष्टनावर कंपनी, मॉडेल आणि बॅच क्रमांकाचं स्टिकर असतं, ते रोग्याच्या फाइलला लागलंच पाहिजे. भारतात ह्या वस्तू 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात, परवान्याशिवाय त्या विकता येत नाहीत. पुढे काही त्रास झाला तर तेच स्टिकर तुमच्या कामाला येईल. ते घरी रेशनकार्डाजवळ जपून ठेवा.

कुणी तुम्हाला सांगेल की हे संशोधन आहे, आम्ही तुमच्यावर प्रयोग करतो. त्याला घाबरू नका. प्रयोगांशिवाय औषध पुढे जात नाही, आणि त्यात सहभागी होणं हे मोठं काम आहे. पण खऱ्या प्रयोगाची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत असते, तिचा क्रमांक असतो. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीत, मिळालं पाहिजे. प्रयोगामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हा 2019 च्या नियमांनी दिलेला हक्क आहे. आणि प्रयोगात घेतात म्हणून तुमच्याकडून त्या वस्तूचे लाखभर रुपये मागत असतील तर तिथून उठा. ‘स्टेम सेलचं इंजेक्शन देतो, हाड जुळेल’ असं पैसे घेऊन सांगणाऱ्यांकडेही जाऊ नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणापलीकडे अशा उपचारांचा बाजार मांडायला परवानगी नाही.

आता आपल्या हातातल्या गोष्टींकडे येतो. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं इथे आहे.

अपघात झाला, हाड बाहेर दिसतंय. त्यावर हळद, तेल, माती, राख, डिझेल काहीही लावू नका. बाहेर आलेलं हाड आत ढकलू नका. स्वच्छ, शक्यतो न वापरलेलं कापड जखमेवर ठेवून हलक्या हाताने बांधा. रक्त वाहत असेल तर तळव्याने दाबून धरा. पाय जसा आहे तसाच दोन तुराट्या, बांबूची कामटी किंवा घट्ट गुंडाळलेली वर्तमानपत्रं लावून स्थिर करा, वरचा आणि खालचा सांधा दोन्ही हलणार नाहीत असा. 108 ला फोन करा. हाडाचा सुटा तुकडा रस्त्यावर दिसला तर तोही स्वच्छ कापडात गुंडाळून बरोबर न्या, त्याचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. प्रतिजैविकाचा पहिला डोस जितका लवकर मिळेल, शक्यतो पहिल्या तासात, तितका जंतुसंसर्ग टळतो. लेप दिलेला महागडा सांगाडा वर्षभराने जे करू शकणार नाही ते हा एक तास करतो. गाडी थांबवून मदत करणाऱ्याला पोलीस छळतील ही भीती मनातून काढा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव सांगायची सक्तीसुद्धा करता येत नाही.

हाड बसवणाऱ्या वैदूंबद्दल मला आदर ठेवूनच बोलायचं आहे. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाला झाडांच्या सालींच्या पट्ट्या बांधायची रीत सांगितली आहे, ही विद्या आपल्या मातीतली आहे. गावातली कितीतरी मनगटं ह्या लोकांनी जुळवली असतील. पण उघडी जखम असेल, सांध्याजवळ मोड असेल, लहान मुलाचं कोपर असेल तर तिथे जाऊ नका. घट्ट पट्टीने रक्त अडतं. पट्टी बांधल्यावर बोटं निळी-पांढरी पडली, मुंग्या आल्या, बोटं सरळ करताना असह्य कळ आली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी पट्टी सोडा आणि दवाखाना गाठा. काही तासांत स्नायू मरतात, आणि मेलेला स्नायू कुणालाच परत आणता येत नाही. हे प्लॅस्टरलाही लागू आहे, मग ते कितीही मोठ्या दवाखान्यात घातलेलं असो.

मग खर्रा. हे वाचून काही मंडळी पान उलटतील, तरी सांगतो. त्यातल्या तंबाखूचं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. ज्या केशवाहिनीने मोडल्या जागी शिरायचं, तिचीच वाट ते बंद करतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची नडगी उशिरा जुळते, न जुळण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मोडलेल्या पायाच्या उशाशी खर्‍याची पुडी ठेवून ‘हाड का जुळेना’ म्हणून डॉक्टर बदलणं ह्याला काही अर्थ नाही. भेटायला येणाऱ्यांनाही विनंती आहे: रोग्याला फळं न्या, मूठभर शेंगदाणे, गूळ, अंडी न्या, पुडी नेऊ नका. निदान हाड जुळेपर्यंत. एकदा चार-सहा महिने सुटली की बऱ्याच जणांची कायमची सुटते.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद ह्या भागातल्या वाचकांशी वेगळं बोलायचं आहे. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या आजाराने किती घरं पोळली आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. किडनी आणि हाड यांचं नातं फार जवळचं आहे. ड जीवनसत्त्व शेवटचा टप्पा किडनीत पार करून कामाचं होतं, फॉस्फरस बाहेर टाकायचं कामही तिचंच. किडनी मंदावली की हाडं आतून पोकळ होत जातात, थोड्याशा धक्क्याने मोडतात आणि उशिरा जुळतात. म्हणून ह्या पट्ट्यातल्या कुणाचं हाड मोडलं, तर शस्त्रक्रियेआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या आणि घरात किडनीचा रोगी असेल तर ते आपणहून डॉक्टरांना सांगा. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून महिनोन्महिने खाऊ नका. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या किडनीला घातक आहेत. जेंटामायसिनही किडनीला सोसत नाही, तेव्हा असं औषध दिलेली वस्तू बसवताना डॉक्टरांना ही गोष्ट माहीत असलीच पाहिजे. कॅल्शियमच्या गोळ्यासुद्धा किडनीच्या रोग्याने मनाने घ्यायच्या नाहीत.

पैशाचं बोलल्याशिवाय हे सांगणं पुरं होत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं असलं तरी कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. अंगीकृत रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. भरती होतानाच त्याला भेटा, आणि सुचवलेली वस्तू योजनेत बसते की नाही ते त्याच्याकडून लेखी घ्या. 155388 ह्या क्रमांकावरही विचारता येतं. रस्ते अपघातात केंद्र सरकारच्या मे 2025 च्या योजनेनुसार पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख न भरता मिळू शकतो. 2024 मध्ये बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ते नुसतं वर्ग भरवणारं राहू नये. उघड्या हाडमोडीचा रोगी आला की पहिल्या तासात प्रतिजैविक, त्याच दिवशी जखम साफ, आणि पुढे सहा महिने त्याचा पाठपुरावा, एवढं तिथे व्हावं अशी मागणी ग्रामसभांनी, पतसंस्थांनी, महिला बचत गटांनी लावून धरायला हवी. अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाटेवर जो वेळ जातो तो मोडलेल्या पायाच्या रक्तातूनच जातो.

आणि एक शेवटची मागणी आहे. स्वतःच्या कमरेचं हाड पुरत नाही आणि कारखान्यातला सांगाडा परवडत नाही, तेव्हा तिसरा आधार असतो तो दुसऱ्या माणसाने दिलेल्या हाडाचा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 पासून ऊतकपेढी आहे. तिथे दान आलेलं हाड धुऊन, वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून इतर रोग्यांसाठी ठेवतात. निसर्गाने स्वतः घडवलेली सच्छिद्र रचना त्यात आयतीच असते. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढून टाकावा लागतो. तपासण्या ठीक निघाल्या तर तोही दान करता येतो. तुमच्या आई-वडिलांची, काका-काकूंची अशी शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: तुमचं रुग्णालय एखाद्या ऊतकपेढीशी जोडलेलं आहे का, आणि हा गोळा आम्हाला तिथे देता येईल का? उत्तर ‘नाही’ येईल असं वाटलं तरी विचारा. दहा घरांनी विचारलं की अकराव्या घरापर्यंत कुणीतरी सोय करेल.